छोट्या स्क्रिप्टने फलनाचा आलेख काढताना

फलनाचा आलेख काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये खुद्द फलनाची ओळ सर्वांत सोपी असते. खरे काम असते ते गणितातील बिंदूला पडद्यावरील पिक्सेलची जागा नेमून देण्याचे, आणि नवशिक्याच्या बहुतेक चुका तेथेच होतात.

समजा, कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढण्याच्या चौकटीत, पिक्सेलचे ६०१ स्तंभ आणि ४०१ ओळी आहेत, आणि दोन्हींची मोजणी शून्यापासून होते. क्ष −६ ते ६ आणि य −२ ते २ एवढा भाग दाखवायचा ठरवला, तर आडव्या दिशेने एका एककाला ५० पिक्सेल व उभ्या दिशेने १०० पिक्सेल मिळतात. म्हणून स्तंभ = (क्ष + ६) × ५० आणि ओळ = (२ − य) × १००. दुसऱ्या सूत्रात य वजा होतो, कारण बहुतेक ग्राफिक्स प्रणालींत आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि ओळींचे क्रमांक खाली जाताना वाढतात. हे विसरल्यास आलेख उलटा दिसतो. साइन फलनाचे शिखर क्ष = १.५७०८ च्या आसपास येते, तेव्हा ते ३७९ व्या स्तंभात, १०० व्या ओळीवर दिसले की सूत्रे बरोबर आहेत असे समजावे.

यानंतर स्तंभ ० ते ६०० असा लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी रचना) चालवावा, प्रत्येक वेळी क्ष = −६ + १२ × स्तंभ ÷ ६०० असा काढावा, त्यावरून य काढावा आणि आधीच्या बिंदूपासून नव्या बिंदूपर्यंत रेषा ओढावी. क्षमध्ये दर फेरीला ०.०२ मिळवत जाण्याचा मोह टाळावा, कारण ही संख्या संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमकी मावत नाही आणि बारीक चूक साचत जाते.

उभे व आडवे प्रमाण वेगळे असल्यामुळे आरंभबिंदूपाशी ४५ अंशांनी चढायला हवा असलेला साइन वक्र येथे सुमारे ६३ अंशांनी चढतो. आकार महत्त्वाचा असेल, तर य −४ ते ४ घ्यावा आणि दुसरे सूत्र (४ − य) × ५० असे बदलावे.

टॅन्जंट मात्र स्क्रिप्टची खरी परीक्षा घेतो. क्ष = १.५६ ला त्याची किंमत सुमारे ९३, तर लगेच पुढच्या स्तंभात, १.५८ ला, सुमारे −१०९ येते. हे बिंदू डोळे झाकून जोडले, तर फलनात नसलेली उभी रेषा पडद्यावर उमटते. लागोपाठचे दोन बिंदू चौकटीबाहेर, पण एक वर आणि एक खाली असेल, तर पेन उचलावे, म्हणजे त्यांच्यात रेषा ओढू नये, हा नियम अशा बहुतेक ठिकाणी पुरतो. १ ÷ क्ष साठी ३०० व्या स्तंभात क्ष नेमका शून्य होतो. तेथे पायथन त्रुटी देऊन थांबते, जावास्क्रिप्ट अनंत ही किंमत देते, म्हणून भागाकारापूर्वीच तपासणी करून तो बिंदू वगळावा.

एक फसगत मात्र कोणत्याही त्रुटीविना होते. साइन(१०० × π × क्ष) याचे आवर्तन नेमके ०.०२, म्हणजे लगतच्या दोन स्तंभांमधील क्षच्या अंतराइतकेच, असल्यामुळे प्रत्येक स्तंभात किंमत जवळजवळ शून्य येते आणि पडद्यावर निमूटपणे आडवी सरळ रेषा उमटते. संशय आल्यास प्रत्येक स्तंभात दहा बिंदू घेऊन पाहावे. रेषेच्या जागी भरीव पट्टा दिसू लागतो, आणि वक्र खरोखर पाहायचा असेल तर क्षची व्याप्ती −०.०६ ते ०.०६ इतकी आवळावी लागते.