डिजिटल आउटपुट बोर्डाला रिले थेट जोडू नका

कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमने पिना चालू-बंद करणाऱ्या या बोर्डाची ५ व्होल्टची आउटपुट पिन जेमतेम काही मिलिअँपिअर देते. १२ व्होल्टच्या, ४०० ओहम कॉइलच्या साध्या रिलेला (कॉइलने चालणाऱ्या स्विचला) ३० मिलिअँपिअर लागतात. थेट जोडलं तर रिले ओढत नाही, आणि पिन जळू शकते ती वेगळीच. मध्ये यूएलएन२८०३ घाला, म्हणजे आठ ट्रान्झिस्टर स्विच असलेली १८ पिनांची ड्रायव्हर आयसी. एका आयसीत आठ रिले निघतात.

बोर्डाच्या आउटपुट पिना आयसीच्या १ ते ८ वर, समोर १८ ते ११ वर रिलेच्या कॉइलची एकेक बाजू, कॉइलची दुसरी बाजू १२ व्होल्ट प्लसला. पिन ९ ग्राउंड. हे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडलंच पाहिजे, नाहीतर सगळं बरोबर दिसूनही रिले हलत नाही.

पिन १० हमखास विसरली जाते. तीही १२ व्होल्ट प्लसला लावा. आतले डायोड तिच्यातूनच काम करतात. ती मोकळी राहिली तर रिले सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो, कॉम्प्युटर मधेच अडकतो आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

आणखी एक. पुष्कळ बोर्डांच्या पिना चालू होताना इनपुट असतात आणि पुल-अपमुळे (पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरमुळे) वर राहतात, म्हणजे रिले आपोआप लागतात. म्हणून आधी कॉम्प्युटर चालू करा, मग प्रोग्रॅमने सगळे आउटपुट शून्य, आणि त्यानंतरच १२ व्होल्टचा सप्लाय. हीटर किंवा मोटर असेल तर हा क्रम मोडू नकाच.

२३० व्होल्टचा लोड असेल तर रिलेच्या कॉन्टॅक्टमधून फेजच न्या, न्यूट्रल नाही, आणि फेजमध्ये फ्यूज घाला.