शिकागोच्या सायकली आणि तेच ते घोळ

डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स केला की शेवटच्या प्रोजेक्टला बरेच जण ‘सायक्लिस्टिक’ घेतात. कंपनी काल्पनिक, पण डेटा शिकागोतल्या ‘डिव्ही’ या भाड्याच्या सायकलींचा, खराखुरा. कॅज्युअल, म्हणजे कधीमधी सायकल घेणाऱ्यांना वार्षिक मेंबर कसं करायचं, हा प्रश्न. शिकाऊ पोरांचे असे रिपोर्ट मी इतके तपासलेत की पहिलं पान बघूनच पुढचा घोळ कळतो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे राइड मोजायची आणि माणसं मोजली म्हणायचं. फाइलमधला राइड आयडी फेरीचा असतो, माणसाचा नाही. मागे एकाने रुबाबात स्लाइड लावली. “सर, सगळ्यात जास्त कॅज्युअल ग्राहक स्ट्रीटर ड्राइव्ह अँड ग्रँड अ‍ॅव्हेन्यूवर. तिथेच मेंबरशिपचा बोर्ड लावू.”

“नकाशा उघडलास का रे?”

नव्हता उघडला. उघडल्यावर शेजारी नेव्ही पिअर हे पर्यटकांच्या गर्दीचं ठिकाण निघालं, आकाशपाळण्यासकट. मग त्याच्याच फाइलमधला जुलैतला एक शनिवार काढायला लावला. दुपारी एकाच मिनिटाला सुटलेल्या चार सायकली, दीड तासाने चारही परत तिथेच.

“हे चार ग्राहक कोण?”

“...फॅमिली असेल, सर.”

माथेरानला दोन दिवस आलेल्याला मिनी ट्रेनचा वर्षाचा पास विकायला निघाला होता पठ्ठ्या.

मी आधी मेंबरसारख्या दिसणाऱ्या कॅज्युअल राइड शोधतो. सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्या वेळा, एका स्टेशनवरून, म्हणजे सायकलींच्या स्टँडवरून, निघून दुसऱ्यावर, आणि नोव्हेंबरच्या थंडीतही चालू. पटवायचं तर यांना. तिथेही मी ‘इतक्या राइड’ असंच लिहितो, ‘इतके लोक’ कधीच नाही.

दुसरा घोळ सरासरीचा. कॅज्युअलमध्ये एक-एक दिवस परतच न आलेल्या सायकली असतात, त्या सरासरी फुगवतात. मी सरासरी आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा, शेजारी-शेजारी मांडतो. फरक जास्त दिसला की सरासरी रिपोर्टमधून बाहेर. आणि ‘कॅज्युअल लोकांना लांब फिरायला आवडतं’ हे वाक्य लिहिण्याआधी तिकिटाचे नियम वाचा. साध्या सायकलवर मेंबरला एका राइडला ४५ मिनिटं मिळतात, दिवसाचा पास घेणाऱ्याला ३ तास. मग तो रमतगमत जाणारच.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. २०२३च्या सुमारे ५७ लाख ओळी एक्सेलच्या एका शीटमध्ये मावत नाहीत. तिथे १०,४८,५७६ ला गाडी थांबते. राइडची वेळ उणे आली म्हणून लगेच डेटा खराब म्हणू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे रात्री २ वाजता घड्याळ १ वर आणतात, त्यामुळे १:५० ला निघालेला १:०५ ला पोचलेला दिसतो. स्टेशनचं नाव नसलेल्या ओळी सरसकट उडवल्या तर इलेक्ट्रिक सायकलींच्या बऱ्याच राइड उडतील, कारण त्या स्टेशनाबाहेरही लावता येतात. जुन्या फाइलींत मेंबरला ‘सबस्क्रायबर’ आणि कॅज्युअलला ‘कस्टमर’ म्हटलंय. न बदलता जोडल्या तर दोनाचे चार गट होतात.

आणि कॅगल या डेटावाल्यांच्या वेबसाइटवरून आयती नोटबुक, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड आणि आलेख, उचलणाऱ्यांनो, निदान वर्ष तरी बदलत जा. परवा आलेल्या रिपोर्टचं शीर्षक २०२४चं होतं आणि आलेख २०२१चे.