इंदूरहून खगोलशास्त्राकडे: बीएस्सीतच करायची तयारी

खगोलशास्त्रात पुढे जायचं असेल तर एमएस्सीची वाट बघत बसू नका. उन्हाळी प्रकल्पाच्या अर्जात मार्कांच्या जोडीला स्वतः तडीस नेलेलं एक तरी काम दाखवता आलं पाहिजे, मग ते लहान का असेना. त्यासाठी घरी दुर्बिणीचा हट्ट धरायचीही गरज नाही.

सुरुवात उज्जैनपासून करा. सवाई जयसिंगांनी बांधलेली आणि 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतलेली वेधशाळा आपल्या इतक्या जवळ आहे. तिथल्या सम्राट यंत्रावर, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळावर, सावली कुठल्या खुणेवर आहे ते वाचा, त्याच क्षणी मोबाइलवरची वेळ टिपा. दोन्ही जुळणार नाहीत. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, उज्जैन साधारण 75.8 अंशांवर. एका अंशाला 4 मिनिटं धरली की सुमारे 27 मिनिटांचा फरक इथेच पडतो. उरलेला फरक पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे. म्हणून एकूण फरक फेब्रुवारीच्या मध्याला 41 मिनिटांच्या आसपास जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम 11 वर येतो. सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्यामुळे सावलीची कड धूसर दिसते, तेव्हा वाचनात किती चूक होऊ शकते तेही वहीत लिहा. निरनिराळ्या महिन्यांत जाऊन आलेख पुरा करा. मोजमाप आणि त्यातली अनिश्चितता तुम्हाला कळते, हे या एका वहीतून दिसतं.

सोबत पायथन शिका, लॅपटॉपवर लिनक्स टाका, अ‍ॅस्ट्रोपाय आणि टॉपकॅट ही खगोलशास्त्राची मोफत सॉफ्टवेअर वापरून बघा. ताऱ्यांची स्थानं मोजण्यासाठी सोडलेल्या गाया उपग्रहाची माहिती सगळ्यांना फुकट खुली आहे. त्यातून कृत्तिकांचे तारे वेगळे काढा, त्यांच्या पराशयावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकलेला दिसतो त्या कोनावरून) अंतर काढा (440 प्रकाशवर्षांच्या जवळपास यायला हवं) आणि रंग-तेजस्विता आलेख मांडा. अ‍ॅस्ट्रोसॅट, आदित्य-एल1 या भारतीय अवकाश वेधशाळांची निरीक्षणंही खुली आहेत, पण ती नंतर.

अर्जांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण उन्हाळ्याच्या संधींचे अर्ज हिवाळ्यातच, काही त्याही आधी मागवतात. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम, आयुका आणि एनसीआरए या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थांची उन्हाळी शाळा ही नावं पहिली. कोणत्या वर्षाचे विद्यार्थी चालतात ते दरवेळी नीट वाचा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना निदान तीन आठवडे आधी सांगा आणि आपली वही दाखवा. काम पाहिलेल्या माणसाचं पत्र वेगळंच उतरतं. सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या प्राध्यापकांना मेल करायची असेल तर आधी त्यांचा एक शोधनिबंध वाचा आणि त्यातलंच काही विचारा. सरसकट सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका.

पुण्याला नातेवाईक असतील तर 28 फेब्रुवारीच्या सुमारास जा. विज्ञान दिनानिमित्त आयुका लोकांसाठी खुली असते आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना जवळून बघता येतात. अशा 30 अँटेना मिळून एक दुर्बीण होते.

तिसऱ्या वर्षी एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा द्या, पुढे पीएचडीसाठी जेस्ट. दोन्हींचा पाया भौतिकशास्त्र आणि गणित, त्यामुळे क्वांटम आणि विद्युतचुंबकत्व कच्चं ठेवून चालत नाही.

आणि घरी पैशांचं मोकळेपणानं बोला. पीएचडीला फीचा फार बोजा पडत नाही, उलट 2023 पासून जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांची संशोधन शिष्यवृत्ती) महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. मात्र कायमच्या संशोधकाच्या जागा कमी आहेत आणि तिथवर पोचायला पीएचडीनंतरही काही वर्षं परगावी, बहुधा परदेशी काढावी लागतात. हे आई-बाबांना आत्ताच सांगा. डेटा सायन्स, उपग्रहांची उपकरणं, तारांगण, विज्ञानलेखन या वाटाही याच कौशल्यांवर उघडतात, तेही सांगा.