ड्रिलला जोडून पत्रा कापताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की पावसाआधीची घाई सुरू होते. कुणाला गोठ्यावर नवा पत्रा चढवायचा असतो, कुणाला गच्चीवर शेड. आणि मग एकच प्रश्न येत राहतो: "ड्रिलला लावून पत्रा कापायचं ते अटॅचमेंट कोणतं चांगलं?"

मी उलट विचारतो. पत्रा कशाचा? जाडी किती? सपाट आहे की प्रोफाइल, म्हणजे उंचसखल कंगोऱ्यांचा? घरात ड्रिल कोणतं आहे? चारपैकी दोन उत्तरं जरी मिळाली तरी तो ग्राहक शहाणा म्हणायचा. बहुतेकांकडे उत्तर नसतं, मोबाईलवर एक व्हिडिओ असतो. त्यात कुणीतरी गोरा माणूस सपाट पत्रा सरसर कापत नेतो, आणि "हेच पाहिजे" एवढंच यांचं म्हणणं.

निबलर आणि शिअर यांत फरक न करणं

सगळ्यात जास्त पैसे या चुकीपायी वाया गेलेले मी पाहिलेत, म्हणून हे सविस्तर सांगतो.

ड्रिलला लागणारी अटॅचमेंट मुख्यतः दोन जातींची. निबलरमध्ये एक छोटा पंच (ठोकणारी खीळ) डायमध्ये, म्हणजे खालच्या भोकाच्या साच्यात, खालीवर होतो आणि दर ठोक्याला पत्र्याचा एक तुकडा तोडून टाकतो. ड्रिलच्या एका फेऱ्यात एक ठोका. पत्रा वाकत नाही, कडा मुडपत नाही, वळणं घेता येतात. बाजारातल्या दोन तोंडांच्या निबलरच्या डब्यावर १२ मिमी त्रिज्येपर्यंतचं वळण लिहिलेलं असतं आणि ते साधारण जमतं. खाली मात्र चंद्रकोरीसारख्या तुकड्यांचा सडा पडतो.

शिअरमध्ये दोन स्थिर पात्यांच्या मधून तिसरं पातं चालतं. तुकडे पडत नाहीत, कापाच्या रुंदीची एक पट्टी गुंडाळत बाहेर येते. सपाट पत्र्यावर लांब सरळ काप घ्यायला याच्यासारखं काही नाही. डक्टवाले, म्हणजे हवेसाठी पत्र्याच्या नळ्या बनवणारे, हेच वापरतात आणि बरोबर करतात. पण घट्ट वळण याला जमत नाही, आणि प्रोफाइल पत्र्याचा कंगोरा आडवा आला की याची बोलती बंद होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याकडचा एक तरुण. गोठ्याला कलर कोटेड प्रोफाइल पत्रा आणला होता. व्हिडिओ बघून ऑनलाइन शिअर मागवली. मी फोनवर म्हटलं होतं, "प्रोफाइल पत्रा असेल तर निबलर घे." त्यावर, "काका, ह्याचा रिव्ह्यू लई भारी आहे." ठीक आहे. पहिल्या खोलगट भागात काप झकास गेला. कंगोऱ्याची उभी बाजू आली आणि शिअर अडकली. अडकली म्हटल्यावर थांबायचं की नाही? गड्याने मागून खांदा लावला. मधलं पातं वाकलं, पट्टी आत गुंडाळून बसली, यंत्र पत्र्यातच अडकून राहिलं.

मग पुढचा शहाणपणा. पत्रे छतावर चढवलेले, गवंडी खाली थांबलेला, ढग आलेले. कुणाचा तरी ग्राइंडर आणला आणि उरलेले सगळे काप छतावरच कटिंग व्हीलने मारले. संध्याकाळी मला फोटो पाठवला. लांबून सुरेख दिसत होतं.

तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेलच. दिवाळीच्या सुमारास फोन: "काका, पत्रा डुप्लिकेट निघाला. सगळीकडे तांबूस ठिपके आलेत." पत्र्याचा काही दोष नव्हता. कटिंग व्हीलच्या ठिणग्या म्हणजे लाल झालेले लोखंडाचे कण. ते रंगात रुतून बसतात आणि पहिल्या पावसात गंजतात. शिवाय पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तो पातळ पत्र्याच्या उघड्या कडेला गंजापासून सांभाळतो. ग्राइंडरच्या उष्णतेने तो थर कडेलगत जळून जातो आणि वरचा रंगही फुगतो. पंचाने किंवा पात्याने थंड काप घेतला तर हे होत नाही. छताचा पत्रा ग्राइंडरने कापू नये हे कोणत्याही चांगल्या पत्रा कंपनीच्या सूचनांत लिहिलेलं असतं. ते वाचतं कोण?

आता उपाय काय, असं त्याने विचारलं. गेलेलं परत येत नाही. नायलॉनच्या ब्रशने कण काढ, धू, वाळू दे, कडांना झिंक असलेला प्रायमर आणि वरून त्याच रंगाचा हात मार. तारेचा ब्रश वापरू नकोस, नाहीतर राहिलेला रंगही जाईल. दरवर्षी एकदा छतावर चढून बघत जा.

थोडक्यात निवड अशी: छताचा प्रोफाइल पत्रा, एक्झॉस्ट फॅनचं भोक, पॅनलमधली खिडकी यांना निबलर. सपाट पत्र्याच्या लांब पट्ट्या, डक्ट, पेट्या यांना शिअर. दोन्ही कामं असतील तर निबलर घ्या, वेळ जास्त लागेल पण अडणार नाही. आणि काहीही घेतलं तरी कापायचं ते जमिनीवर, पत्रा चढवण्याआधी.

डब्यावरचा आकडा खरा मानणं

डब्यावर "१.८ मिमी" लिहिलेलं असतं. ते साध्या मऊ लोखंडी पत्र्यासाठी असतं, नव्या पंचाने आणि दमदार ड्रिलवर. नामांकित कंपन्यांचे स्वतंत्र इलेक्ट्रिक निबलर बघा. १.६ मिमीचा म्हणवणारा निबलर ४०० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीच्या पत्र्याला १.६ कापतो, ६०० च्या पत्र्याला १.२ आणि ८०० च्या पत्र्याला जेमतेम ०.८. पत्रा जितका चिवट, तितकी जाडी कमी. स्टेनलेस याच चिवट गटात मोडतं, वर घासलं की आणखी कडक होतं. मी डब्यावरच्या आकड्याच्या दोन तृतीयांश धरतो आणि स्टेनलेसला निम्मे. हा काही कुठल्या पुस्तकातला नियम नाही, पण माझे पंच टिकतात.

गेजचा गोंधळ तर कायमचा. आकडा वाढला की पत्रा पातळ, हे उलटं गणित लोक दुकानात विसरतात. आपल्याकडे चालणाऱ्या एसडब्ल्यूजी गेजमध्ये २६ म्हणजे ०.४६ मिमी, २४ म्हणजे ०.५६, २२ म्हणजे ०.७१, २० म्हणजे ०.९१, १८ म्हणजे १.२२, १६ म्हणजे १.६३ आणि १४ म्हणजे २.०३ मिमी. म्हणजे १६ गेजला ड्रिलची अटॅचमेंट घासून कडेवर असते आणि १४ गेज तिचं कामच नाही. व्हर्निअरने मोजा, रंगासकट मोजताय हे लक्षात ठेवा. दोन पत्रे एकावर एक ठेवून कापणाऱ्यांनी बेरीज करावी.

ड्रिलकडे लक्षच न देणं

अटॅचमेंट चालत नाही म्हणून परत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची अटॅचमेंट ठणठणीत असते. ड्रिल चुकीचं असतं.

बहुतेक निबलरना मिनिटाला १५०० ते ३००० फेरे लागतात. साधं वायरचं १० किंवा १३ मिमी ड्रिल २६००-२८०० च्या आसपास फिरतं, काम होतं. बॅटरीच्या ड्रिलवर वरचं बटण १ वर असेल तर फेरे चारशेच्या घरात, २ वर असेल तर तेराशे-पंधराशे. लोक १ वर ठेवून कापतात, "ताकद जास्त मिळते" म्हणून. ताकद मिळते, ठोके मिळत नाहीत. पंच सावकाश खालीवर होतो, हात मात्र नेहमीच्या वेगाने ढकलत असतो, आणि पंच पत्र्यावर तिरका दाबला जाऊन तुटतो. बटण २ वर आणि क्लचची रिंग ड्रिलच्या चिन्हावर. बारा व्होल्टच्या छोट्या ड्रिलवर अख्खं छत कापायला निघालात तर दोन बॅटऱ्या बदलूनही दुपार जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

हॅमरचं चिन्ह बंद करा. भिंतीचं काम झाल्यावर तेच ड्रिल उचलून निबलर लावणारे मी पाहिले आहेत. आतलं बेअरिंग हे सोसत नाही.

चक, म्हणजे ड्रिलचा बिट पकडणारा जबडा, तीनही भोकांतून चावीने आवळा. एकाच भोकातून आवळलं तर शँक, म्हणजे चकात बसणारा दांडा, सरकतो, आणि मग म्हणायचं अटॅचमेंटचा दांडा गुळगुळीत होता.

बाजूची दांडी काढून ठेवणं

यावर मला राग येतो, कारण इथे पैसे नाही, मनगट जातं.

अटॅचमेंटचं धड चकात बसणाऱ्या दांड्याभोवती मोकळं असतं. चक फिरला की तेही फिरायला बघतं. त्याला रोखायला बाजूला एक दांडी किंवा हँडल दिलेलं असतं. ती एका हातात घट्ट धरायची किंवा ड्रिलच्या अंगाला टेकवायची असते. दांडी अडचण करते हे खरं आहे, अरुंद जागेत तर फारच. म्हणून लोक ती काढून डब्यात ठेवतात.

ओळखीच्या एका डक्टवाल्याकडे नवा पोरगा लागला होता. उत्साही, भराभर काम करणारा, म्हणजे आमच्या धंद्यात सगळ्यात धोक्याचा प्रकार. दांडी काढलेली, आणि बोट दुखतं म्हणून ड्रिलचं लॉक बटणही दाबलेलं. अर्धा काप झाल्यावर तोंड पत्र्यात अडकलं. तोंड थांबलं, ड्रिल थांबलं नाही. सगळा जोर ड्रिलच्या अंगावर आला आणि ते त्याच्या हातात गर्रकन फिरलं. लॉक असल्यामुळे बोट सुटलं तरी मोटर चालूच. वायर हाताभोवती गुंडाळली गेली, पत्रा उचलला गेला. दुसऱ्याने प्लग ओढला म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं. मालकाने मला विचारलं, "दुसऱ्या कंपनीचं घेऊ का?" मी म्हटलं, आधी दांडी लावा.

माझी सवय सांगतो. दांडी नसलेली अटॅचमेंट मी कुणाच्या हातात देत नाही. लॉक बटण पत्रा कापताना कधीच दाबायचं नाही. फिरत्या चकजवळ सुती ढगळे हातमोजे नकोत, ते चकात ओढले जातात. पत्रा उचलताना जाड मोजे घाला, कापताना हाताला घट्ट बसणारे. चष्मा घालाच, आणि चपलेवर हे काम करू नका.

बाकीच्या, थोडक्यात

मधून काप सुरू करायचा असेल तर आधी भोक पाडावं लागतं, निबलरच्या डायला पुरेल एवढं. साधारण १० ते १२ मिमी, पण आपल्या डायवर मोजून बघा. स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचं बिट) असेल तर भोक गोल येतं. साध्या मोठ्या बिटने पातळ पत्र्यात तिकोनी भोक पडतं.

निबलर चार-पाच मिमी पत्रा खातो. रेघेवर चालवू नका, टाकाऊ बाजूने चालवा.

जिथे कापलं तिथले तुकडे त्याच दिवशी झाडा. छतावर राहिले तर तेही गंजून डाग पाडतात. मी जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवतो, पिशवी उलटी केली की तुकडे गळून पडतात. ॲल्युमिनियमला चुंबकाचा उपयोग नाही, तिथे झाडू.

ॲल्युमिनियम पंचाला चिकटतं. मध्येमध्ये रॉकेल किंवा मेणबत्ती. लोखंडी पत्र्याला कापाच्या रेघेवर थोडं मशीन ऑइल. कोरडं कापलं तरी चालतं, असं म्हणणाऱ्याकडे पंचांचा साठा असावा.

एकच भोक पाडायचंय? मग अटॅचमेंट घेऊच नका. १८ गेजपर्यंत हातकात्री पुरते. लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. तिन्ही मिळून घरात आयुष्यभर राहतील.

अडकलं तर

ओढू नका. प्लग काढा किंवा बॅटरी काढा. चक हाताने फिरवा, पंच वर येईपर्यंत. मग अटॅचमेंट आलेल्या रेघेने मागे घ्या. पुन्हा त्याच ठिकाणी अडकली तर तिथे पत्रा मुडपलाय. लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करा.

ढकलायला जोर लागू लागला, कडेला बर (धारदार खरखर) जास्त येऊ लागली, पत्रा थडथड उडू लागला तर पंच बोथट झालाय. नवा टाकताना डायही बघा. डायची कड गोल झाली असेल तर नव्या पंचाचा उपयोग नाही. विकत घेण्याआधीच दुकानदाराला विचारा, याचे पंच-डाय सुटे मिळतात का. दोन तोंडांच्या स्वस्त निबलरमध्ये दुसरं तोंड जादा म्हणून दिलेलं असतं. पहिलं झिजलं की ते वापरता येतं, पण तेही झिजलं की सगळं भंगारात. सुटा पंच देणारा दुकानदार थोडा महाग असला तरी मी त्याच्याकडून घेतो, आणि अटॅचमेंटबरोबरच दोन पंच उचलतो.