टॅब्लेट अडला तरी मतदार अडू नये

न्यू जर्सीत मतदानाच्या दिवशी मी बोर्ड वर्कर, म्हणजे मतदान केंद्रावरची कर्मचारी, म्हणून बसते. पहिल्यांदाच बसणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय.

दार सहाला उघडतं, आपण सव्वापाचला पोचायचं. ई-पोलबुक म्हणजे मतदारयादीचा टॅब्लेट. पेटीचं सील तोडण्याआधी त्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी दोन्ही पक्षांच्या माणसांदेखत ताडून घ्या. मग तारीख, केंद्राचं नाव आणि नोंद झालेल्या मतदारांचा आकडा शून्य आहे ना, ते बघा. बॅटरी भरलेली दिसली तरी चार्जर लावाच.

मतदार आला की पत्ता त्याच्याच तोंडून येऊ द्या. आपण वाचून दाखवायचा नाही. आपली आडनावं जपून शोधा: कुणी दीक्षित 'एक्स' घालून लिहितात, कुणी 'के-एस-एच' घालून. एका स्पेलिंगने सापडलं नाही म्हणून "नाव नाही" म्हणू नका.

यादीत टपाली मतपत्रिका मागवल्याची नोंद दिसली, तर मतदाराला यंत्रावर पाठवता येत नाही, पण घरीही पाठवायचं नाही. प्रोव्हिजनल बॅलट द्या, म्हणजे पाकिटात बंद करून ठेवायची आणि पात्रता तपासल्यावरच मोजली जाणारी कागदी मतपत्रिका. २००२च्या 'हेल्प अमेरिका व्होट' कायद्याने तो त्याचा हक्क आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका निवडणुकीत आमचे दोन्ही टॅब्लेट गोल गोल फिरत बसले. रांग जिमच्या दारापासून बास्केटबॉलच्या रिंगपर्यंत गेली. छापील यादी होती, पण कुठल्या पिशवीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती हाती लागेपर्यंत एक नर्स ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून गेली. तिची पाठ अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून छापील यादी, पेनं आणि प्रोव्हिजनलची पाकिटं मी दार उघडण्याआधीच टेबलावर मांडते.

नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम काउंटीत २०१६ला हेच झालं. ई-पोलबुक चुकीची माहिती दाखवू लागली, तेव्हा कागदी याद्यांवर यावं लागलं. मतयंत्रांच्या केंद्रीय मानकांत ई-पोलबुक धरलेलं नाही, त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून प्रशिक्षणातच विचारा: टॅब्लेट किती मिनिटं बंद राहिला की कागदावर जायचं, आणि ते ठरवणार कोण? उत्तर लेखी मागा.

रात्री आठनंतर मतदारांच्या सह्या, व्होटिंग ऑथॉरिटीच्या चिठ्ठ्या (सही झाल्यावर यंत्रावर जाण्यासाठी मतदाराला दिलेल्या) आणि यंत्राचा पब्लिक काउंटर (त्या दिवशी पडलेल्या मतांचा आकडा) जुळतात का बघा. एकाचा फरक आला तरी ओढूनताणून जुळवून टाकू नका. आहे तसा लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.