सॅम बोलायला लागला की स्क्रीन जातो. घाबरू नका

अटारी बेसिक (अटारी संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि यूएसआर (बेसिकमधून मशीन कोड चालवायचं फंक्शन) येतं असं धरून लिहितेय. मला अटारी ८००एक्सएल या जुन्या घरगुती संगणकावर एलायझाची, म्हणजे गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमची, उत्तरं 'सॅम'कडून, म्हणजे १९८२च्या सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक माउथ या बोलणाऱ्या प्रोग्रॅमकडून, वदवून घ्यायची होती.

सॅम बोलताना स्क्रीन काळा होतो. पूर्ण काळा. रात्री दीडला शंभरेक ओळी टाइप करून रन दिलं आणि सगळं गायब. घरचे झोपलेले म्हणून टीव्हीचा आवाज मीच शून्यावर ठेवला होता. वाटलं, मशीन अडकलं. स्विच बंद करून चालू केला. सेव्ह? छे!

असं का होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर तुम्हीही तेच कराल. सॅमला बोलायला वेगळी चिप नाही. १.७९ मेगाहर्ट्झचा ६५०२, म्हणजे मुख्य प्रोसेसर, स्वतःच पोकी या साध्या आवाजाच्या चिपची पातळी भराभर बदलत बसतो आणि पातळ्या मोजून सोळा. त्यात अँटिक, म्हणजे चित्राची चिप, स्क्रीनसाठी मेमरी वाचायला ६५०२ला सारखा थांबवतो, की आवाजाची लय बिघडली. म्हणून बोलणं संपेपर्यंत अँटिकलाच सुट्टी. स्क्रीन चालू ठेवायची सोय आहे, पण मग सॅम गुळण्या करत बोलल्यासारखा वाटतो. गप्पांच्या प्रोग्रॅममध्ये हे जास्त बोचतं, कारण उत्तर छापून लगेच वदवलं की वाचता वाचता ओळ नाहीशी होते. मी छापल्यावर जरा थांबते आणि लांब वाक्य तोडून तुकड्यातुकड्यानं वदवते. स्क्रीन लुकलुकतो, पण चालतं. खरंच चालतं, धीर सोडू नका.

"मॅन्युअलमध्ये आहे की," असं म्हणणारे जाणकार भेटतील. असतंच. दीड वाजता मॅन्युअल कोण उघडतं?

सॅमसोबतचा रेसायटर हा प्रोग्रॅम इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार लावतो. एलायझा समोरच्याचेच शब्द परत करते, तिथे त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. पण तुमची ठरलेली वाक्यं सॅमच्या उच्चारखुणांतच लिहा. आयत्या डिस्क इमेज उतरवून घेणाऱ्यांना हे कधीच जमत नाही, माझं मत. 'नमस्कार' रेसायटरला दिला तर 'नॅमॅस्कर'च्या जवळपास काहीतरी येतं. 'अ'ला एएच, 'आ'ला एए आणि जोर हवा त्या स्वरामागे ४ लिहिलं की माणसात येतो. 'ळ' मात्र नाहीच.

पहिलं धड वाक्य ऐकवायला आईला बोलावलं: "कशी आहेस बाळा?"

आई म्हणाली, "हा बाला कोण?"