जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करताना

घरात पंच्याहत्तरी ओलांडलेली एखादी स्त्री असेल आणि तिचे बालपण किंवा सासरची पहिली वर्षे खेड्यात गेली असतील, तर तिच्या स्मरणात जात्यावरच्या ओव्या असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्या ओव्या तिने कित्येक दशकांत कोणालाही म्हणून दाखवल्या नसतील, कारण गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले आणि दळणाबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. गिरणीने बायकांच्या खांद्यांवरचे मोठे ओझे उतरवले, आणि जाते परत यावे असे ते ओढलेल्या एकाही बाईच्या तोंडून मी ऐकलेले नाही. मात्र जात्यापाशी जे मोकळेपणाने बोलता येत होते, ते बोलायला गिरणीच्या रांगेत जागा नव्हती. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, आणि जी बाई रोज गात होती ती ऐकणारी झाली. आज आपल्या खिशात असलेल्या फोनवर तिचा आवाज उत्तम प्रकारे टिपता येतो. ते काम नीट कसे करावे, हे स्वतः केलेल्या कामाच्या आधारे येथे सांगत आहे.

फोन हातात घेण्याआधी ओवी कोणासाठी गायली जात होती, हे समजून घ्यावे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ओवीचे बाईच्या कष्टाशी असलेले नाते किमान नऊशे वर्षांचे आहे. पहाटेचा अंधार, समोरासमोर बसलेल्या दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, घरातली पुरुषमंडळी झोपलेली आणि शब्दांवर पांघरूण घालणारी जात्याची घरघर, अशा ठिकाणी ती गायली जात होती. सासूचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, सीतेचा वनवास, पंढरीचा विठोबा हे सगळे तिथे बोलता येत होते, कारण ऐकणारी समोरची जाऊ किंवा नणंद होती, आणि पुष्कळदा तर फक्त जाते होते. आपण मोबाइल पुढे धरतो तेव्हा त्या खोलीत मुलगा, सून, नातू आणि त्यांच्या पलीकडचे अनोळखी लोकही येऊन बसतात. ऐकणारे बदलले की सांगणेही बदलते. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

माझ्या आत्याच्या ओव्या टिपायला मी गेलो तेव्हा तिला दिवाणखान्यात खुर्चीवर बसवले, समोर फोन ठेवला आणि सगळे घर भोवती जमले. ‘पहिली माझी ओवी’ म्हणून तिने सुरुवात केली, तीन ओव्या म्हटल्या आणि ‘आता नाही आठवत’ म्हणून ती थांबली. तिचा उजवा हात मात्र गाताना मांडीवर गोल फिरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात फारसे कोणी नसताना, मागच्या पडवीत उलटे पडलेले जाते आम्ही धुऊन मांडले. तिने एक पाय पसरला, खुंटा हातात घेतला, जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी घातली आणि चाळीस मिनिटे ती थांबली नाही. ओव्या तिच्या हातात होत्या; हाताला काम मिळाल्यावर त्या तोंडात आल्या.

म्हणून शक्य असेल तर जाते शोधावे. शहरातल्या फ्लॅटमध्ये ते नसेल, तर सुपात थोडे धान्य पाखडायला किंवा निवडायला द्यावे; नुसत्या गप्प बसलेल्या बाईपेक्षा हात चालणारी बाई जास्त गाते. तिच्या वयाची एखादी शेजारीण, बहीण किंवा जाऊ मिळाली तर तिला समोर बसवावे, कारण एकीने सोडलेली ओवी दुसरी उचलते आणि दोघींनाही एकट्याने न आठवणारे बरेच काही आठवते. पुरुष नातेवाइकांनी त्या वेळी तिथे नसावे. हे काम करणारा स्वतः पुरुष असेल, तर फोन चालू करून त्याने बाहेर जावे आणि आत घरातली एखादी मुलगी किंवा सून बसवावी. मी दुसऱ्या दिवशी तेच केले, आणि त्या चाळीस मिनिटांतल्या काही ओव्या आत्याने माझ्यासमोर म्हटल्या नसत्या, अशी माझी खात्री आहे.

परवानगी त्याआधीच घ्यावी, आणि ती खरी असावी. ‘आजी, हे मी टिपून ठेवतोय, घरात ऐकू, बाहेर कोणाला ऐकवायचे असेल तर तुला पुन्हा विचारीन’ असे सरळ सांगावे आणि तिचे उत्तरही ध्वनिमुद्रित करावे. परक्या घरी गेलात तर ‘मावशी, तुमची हरकत नसेल तरच’ एवढे म्हणण्यावर थांबू नये. हा आवाज कुठे राहणार, कोण ऐकणार, नको वाटले तर तो कसा पुसता येईल, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे.

आता फोनविषयी. एअरप्लेन मोड सुरू करावा, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. पंखा बंद करावा. आपल्या कानाला तो जाणवत नाही, पण ध्वनिमुद्रणात तो सतत घोंघावतो. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा अंथरुणे आणि कपडे असलेली लहान खोली किंवा मातीच्या भिंतींची पडवी चांगली. फोन गाणारीच्या तोंडापासून साधारण दीड-दोन फुटांवर, किंचित बाजूला ठेवावा; अगदी समोर ठेवल्यास श्वासाचे फटके ऐकू येतात. जाते चालू असेल तर फोन जमिनीवर मुळीच ठेवू नये, कारण दगडाची घरघर जमिनीतून थेट फोनमध्ये शिरते आणि शब्द बुडतात. पाटावर चार पदरी घडी केलेली गोधडी ठेवून तिच्यावर फोन ठेवल्यास घरघर हवी तेवढीच राहते. ती पूर्ण काढून टाकण्याच्या मागे लागू नये, कारण ओवीचा ताल तिच्यात आहे. आधी एक ओवी टिपून इअरफोन लावून ऐकावी आणि मगच पुढे जावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर थेट आवाज टिपू नये. तो पाठवायला सोपा व्हावा म्हणून फार दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) असतो, आणि दाबताना गेलेले बारकावे परत मिळत नाहीत. फोनमधल्या ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये गुणवत्तेची निवड असते. तिथे ‘वेव्ह’ (WAV) हा आवाज न दाबता साठवणारा प्रकार मिळाला तर तो घ्यावा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) या मापाने मिनिटाला सुमारे ५ एमबी, म्हणजे तासाला सुमारे ३२० एमबी जागा लागते, आणि आजच्या फोनला ती जड नाही. कोणाला पाठवायचे झाल्यास ही फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर पहिल्यांदा तारीख, गाव, गाणारीचे नाव आणि तिचे माहेर मोठ्याने बोलावे. माहेराचे गाव विसरू नये. बहुतेक बायका ओव्या आईजवळ शिकलेल्या असतात, त्यामुळे चाल आणि बोली माहेरची असते आणि पुढे सासरचे शब्द त्यात मिसळतात. त्यानंतर आपण गप्प राहावे. ‘वा’ म्हणू नये, टाळी वाजवू नये, आणि मध्ये अर्धा मिनिट शांतता पडली तरी ती प्रश्नाने भरू नये, कारण पुढची ओवी जात्याच्या चार-पाच फेऱ्यांनंतर येते. विषय ठरवून मागण्याचा मोह होतो. ‘भावाच्या ओव्या म्हण’ असे सांगितले की दोन येतात आणि साखळी तुटते, तेव्हा तसे प्रश्न शेवटी विचारावेत. एखादीच्या ओवीला सिनेमाच्या गाण्याची चाल लागली असेल किंवा ओवीत एसटी, मुंबईची गिरणी आली असेल, तर ती ‘खरी जुनी नाही’ म्हणून थांबवू नये. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. जात्यावरच्या बाईने आपला काळ नेहमीच ओवीत घेतला आहे.

ओव्या उतरवून घेण्याचे काम त्याच आठवड्यात सुरू करावे. एका तासाच्या आवाजाला माझे सहा तास जातात, आणि घाई केली की चूक होतेच. छापील संग्रहांत वाचायला सोपे जावे म्हणून ‘गं बाई’, ‘सांगते’ असे मधले शब्द आणि अर्ध्या ओळींची पुनरावृत्ती बहुधा गाळलेली असते. कागदावर त्यांचा अडसर वाटतो, पण गाताना त्यांच्याच आधाराने पुढची ओळ जुळते. म्हणून पहिल्या प्रतीत जे कानावर पडले ते सगळे लिहावे आणि वाचनासाठी स्वच्छ प्रत हवी असेल तर ती वेगळी करावी. बोली सुधारू नये. आत्याच्या एका ओवीत ‘मपली’ असा शब्द होता. मी पहिल्या प्रतीत सवयीने ‘माझी’ लिहिले आणि ती ओळ वाचताना लंगडू लागली. ‘मपली’ची तीन अक्षरे जाऊन दोन आली होती. पुन्हा आवाज ऐकला तेव्हा चूक सापडली. फोनमधली बोलून टंकण्याची सोयही अशीच प्रमाण भाषेकडे ओढते, ‘व्हतं’चे ‘होतं’ आणि ‘हाये’चे ‘आहे’ करते. तिचा उपयोग करायचा तर प्रत्येक ओळ कानाने तपासावी. न कळलेल्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहण्याआधी गाणारीला विचारावा आणि तो तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसे होते, हे पाहण्यासारखे एक उदाहरण आहे. पुण्यातून सामाजिक कार्यकर्ते आणि अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मदतीने हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या काही संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात क्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि तिची हकीकत येते. आपल्या घरच्या कामालाही हीच पद्धत लावावी. ओवीखाली ‘पारंपरिक’ असे लिहून गाणारीचे नाव पुसून टाकू नये.

फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस, गाव आणि क्रमांक असा क्रम ठेवावा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. तीन प्रती कराव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. माझे पहिल्या दिवसाचे ध्वनिमुद्रण, त्या तीन ओव्या, फक्त फोनवर होते आणि फोन बिघडल्यावर ते गेले. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यांच्या मागच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून त्यांच्यावर दुसरे काही टिपले जाणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट न वाजवता जाणकाराकडे द्यावी.

ओव्या बाहेर देताना सर्वांत जास्त विचार करावा. ओवीत सासूचे, जावेचे, गावातल्या माणसाचे नाव असते आणि त्यांची नातवंडे आज त्याच गावात नांदत असतात. घरात ऐकण्याची, संग्रहाला देण्याची आणि सर्वांसाठी खुली करण्याची अशा तीन वेगळ्या परवानग्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून त्याला बासरी किंवा तबला जोडण्याची जी पद्धत पडली आहे ती मला चुकीची वाटते. त्यात जात्याची घरघर जाते आणि बाईच्या कष्टाचा आवाज पार्श्वसंगीताखाली गाडला जातो. तुकडा द्यायचाच असेल तर तो आहे तसा द्यावा आणि पूर्ण ध्वनिमुद्रण कुठे ऐकता येईल ते सोबत सांगावे.

सगळे उतरवून झाल्यावर एका सवडीच्या दुपारी तो आवाज तिलाच ऐकवावा, आणि तेव्हा दुसरा फोन चालू ठेवावा. आत्याने स्वतःचा आवाज आयुष्यात प्रथमच ऐकला. दोन ओव्यांनंतर तिने हात वर करून मला थांबवले आणि म्हणाली, ‘हिच्या आधी एक राहिली बघ.’ मग तिने ती म्हटली. ती तिच्या आईची होती.